मामाचा कान

टेम्पोतून मोटारसायकल उतरवताना बारक्याने तिला हात लावला नाही. टेम्पोवाल्याने आणि शेजारच्या टायरवाल्याने मिळून ती फळीवरून खाली घेतली आणि गॅरेजच्या मधोमध स्टँडवर उभी केली. पुढचा एक इंडिकेटर फुटून वायरीला लोंबत होता, एका बाजूचं फूटरेस्ट मागे दुमडलं होतं, टाकीवर खरवडल्याचा लांब पट्टा होता. हँडल सरळ होतं. मागची सीटही धड होती, नुसती धूळ साचली होती तिच्यावर. मामी फडकं घेऊन पुढे झाली, आणि सीटला न लावताच परत फिरली.

"पोलिसांनी आज सोडली," बारक्या म्हणाला. "मामा, तू एकदा नीट बघ."

मामा त्याच्या ओठांकडे बघत होता. त्याने मान हलवली.

बारक्या हा मामाच्या बहिणीचा मुलगा. बहीण लवकर गेली, तेव्हापासून तो या दोघांच्याच घरात वाढला. लहानपणी एवढासा होता म्हणून बारक्या. आता दारातून येताना मान वाकवावी लागते, पण नाव तेच राहिलं. औषधांच्या गोदामात कामाला होता. बायको, एक बोलायला लागलेली पोरगी, दोन खोल्या. सगळं मार्गी लागलं म्हणून मामी देवापुढे हात जोडायची तेव्हा त्याच्यापुरतं काही मागायची नाही, फक्त आभार मानायची.

गेल्या महिन्यात त्याची बायको या सीटवरून पडली आणि पाण्याच्या टँकरखाली आली. गल्लीतून मोठ्या रस्त्याला वळताना गाडी एकदम उसळली, असं बघणारे म्हणाले. टँकरच्या आधी निसटायला बघत होता, म्हणून पोराने रेस दिली, असं कोपऱ्यावरच्या पानवाल्याने सांगितलं. तेच पोलिसांनी धरलं आणि तेच सासूबाईंनी. नात त्या घेऊन गेल्या. दारात आलेल्या बारक्याला त्या म्हणाल्या, "ज्या हाताने माझी मुलगी घालवलीस त्या हातात मी पोर देणार नाही."

"मी रेस दिली नव्हती," बारक्या आता मामाला सांगत होता. उभ्या उभ्या, हात खिशात खुपसून. "म्हणजे मला तसं वाटतं. माझी बोटं ब्रेकवर होती. पण सगळे म्हणतात दिली. इतक्या जणांनी सांगितलं ना मामा, की आता डोळे मिटले की माझीच मूठ मला पिळताना दिसते. तू सांग खरं काय ते. गाडीत काही नसेल तर नसेल. मग मी त्यांच्या दारात पुन्हा जाणार नाही. पोरगी तिथेच वाढू दे."

"एवढं टोकाचं नको बोलूस," मामी म्हणाली.

"टोकाचं काय? मलाच माझी खात्री नाही, तर मी तिला कोणत्या तोंडाने मागू?"

मामाने स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि मामीकडे पाहिलं. मामी आपल्या स्टुलाकडे गेली.

त्या स्टुलाची गोष्ट बाहेर कोणाला ठाऊक नव्हती. लोकांना एवढंच दिसायचं, की नवरा गाड्या दुरुस्त करतो आणि बायको दाराजवळ बसून रॉकेलच्या डब्यात नट-बोल्ट धुते. जोडी छान आहे, असंही म्हणायचे. प्रत्यक्षात मामाचे कान गेले होते. सगळं आयुष्य सायलेन्सरच्या तोंडाशी आणि ग्राइंडरच्या कर्कश आवाजात काढलेलं. आधी फोन ऐकू येईना, मग हाका, मग इंजिन. बोटांची टोकंही बधिर झाली होती, चहाचा कप गरम आहे की गार हे तो ओठाला लावून ठरवायचा. कानाला यंत्र लावा म्हणून मामी मागे लागली, तर म्हणाला, "कानात यंत्र घातलेल्या मेकॅनिककडे कोण गाडी टाकेल? आंधळ्याकडे कोणी दाढी करायला जातं का?" आणि स्वतःच हसला होता.

मग तीच त्याचा कान झाली. इंजिन चालू झालं की तिचा एक हात मांडीवर असायचा. आवाज चढला की बोट वर. उतरला, अडखळला की बोट खाली. एकसारखा चालला की तळहात पालथा. मामा वाकून काम करता करता नजरेच्या कोपऱ्यातून तेवढं बघायचा. बाकी हुशारी त्याचीच होती. कुठला आवाज कशामुळे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, फक्त आवाज तिच्याकडून घ्यावा लागायचा. गिऱ्हाइकाशी बोलताना तो ओठ वाचायचा. पाठीमागून कोणी हाक मारली की मात्र पंचाईत. टायरवाला सगळ्यांना सांगायचा, "मामाला हाक मारायची तर आधी अर्ज करावा लागतो. मंजूर झाला तर बघतो, नाहीतर नाही." लोक मामाला गर्विष्ठ समजत होते. मामाला ते चालत होतं.

मामीचा रोजचा एक नेम होता. सकाळी पोथीचं वाचन झाल्याशिवाय तोंडात घास नाही, आणि दिवसभरात जिभेवर खोटं नाही. मामाच्या कानाबद्दल तिला कधी कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे नेम मोडला नव्हता. असं ती स्वतःला समजावायची.

अपघाताच्या आदल्या दिवशी बारक्या गाडी घेऊन आला होता. "मामा, उभी केली की गाडी आपोआप रेस राहते. सिग्नलला सगळे वळून बघतात." त्या दिवशी मामी नव्हती. तिच्या बहिणीचं ऑपरेशन होतं, ती दिवसभर दवाखान्यात होती. मामी नसली की मामा गाडी ठेवून घ्यायचा, उद्या ये म्हणायचा. परक्याला तसं सांगणं सोपं. पण हा घरचा पोरगा, दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन बाहेर जाणार होता. त्याला काय सांगणार? मामाने रेसची केबल हाताने ओढून पाहिली. ती आत गंजून अडकत होती, तो दोष खरा होता. त्याने नवी केबल घातली. स्क्रू फिरवून टाकीवर तळहात टेकला आणि अंदाजाने आयडल, म्हणजे उभ्या गाडीची रेस, खाली आणला. बारक्या तेवढ्यात पोरीसाठी बिस्किटं आणायला समोर गेला होता.

संध्याकाळी जेवताना मामाने हे सांगितलं तेव्हा मामीने विचारलं होतं, "हँडल दोन्हीकडे फिरवून बघितलंत ना?"

"बघितलं की."

त्याने फिरवलं होतं हे खरंच असणार. फिरवलं असेल, आणि सवयीने स्टुलाकडे बघितलं असेल. स्टूल रिकामं.

मामीने पुढे काही विचारलं नव्हतं. अपघातानंतरही नाही. पण रोज सकाळी वाचनात एक ओळ दोन-दोनदा वाचली जायची, आणि तरी डोक्यात शिरायची नाही.

"बस वर," मामा बारक्याला म्हणाला. "मी सांगतो तसं कर. मुठीला हात लावू नकोस."

बारक्या सीटवर बसला. त्याला ते जड गेलं, दिसत होतं. त्याने किक मारली. गाडी महिनाभर पडून होती, खोकली, विझली, पुन्हा लागली. मग धडधड सुरू झाली. मामा गुडघ्यावर बसून कार्ब्युरेटरशी वाकला आणि स्टुलाकडे पाहिलं.

मामीचा तळहात पालथा. खरोखरच एकसारखं चाललं होतं.

मामाने केबल चिमटीत धरून हलवली. हवी तेवढी ढिलाई होती. चोक उघडून बंद केला. आवाज बदलला तसं बोट खाली गेलं, वर आलं, पुन्हा तळहात पालथा झाला. मग कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मधल्या रबरावर त्याने साबणाचं पाणी सोडलं. रबर फुटून कुठे हवा ओढत असेल तर इथे आवाज हलतो. हलला नाही. पालथा तळहात. प्रत्येक वेळी तो हात खरं सांगत होता, आणि मामीच्या मनात एक गोष्ट उगवली होती. देवा, असंच चालू दे. शेवटपर्यंत असंच चालू दे.

आणि मग तिला कळलं आपण काय मागतोय ते. गाडी निर्दोष निघाली तर दोष या पोराच्या हाताचा. एकाला वाचवायला ती देवाकडे दुसऱ्याला मागत होती. तिने डोळे मिटले, पण मागणं काही मागे घेता आलं नाही.

"आता हँडल," मामा म्हणाला. "उजवीकडे."

बारक्याने बोटं उघडी ठेवली होती. नुसते तळवे टेकवून त्याने हँडल उजवीकडे ढकललं, मुठीला हात लावला असं कोणी म्हणायला नको म्हणून. काही झालं नाही.

"डावीकडे. पूर्ण."

आवाज चढला. कोणीतरी मूठ पिळून धरावी तसा चढला आणि तिथेच राहिला. पत्र्याची भिंत थरथरू लागली. बारक्याने आपल्या उघड्या बोटांकडे पाहिलं, पिळत नसलेल्या बोटांकडे, आणि त्याच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला, हसण्यासारखा. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याचा चेहरा सुटला. मग त्याने मामाकडे पाहिलं.

मामा मामीच्या हाताकडे बघत होता.

मामीला बोट वर करायचं होतं. एवढंसं बोट. पण समोर तो माणूस गुडघ्यावर बसून तिच्याकडे बघत होता, घाबरलेला. पोटच्या पोरासारख्या मुलाचं घर आपण मोडलं का, हे तिच्या हातावरून वाचायला बसलेला. हात पालथाच राहिला.

मामाचे खांदे सैल पडले. तो उठला आणि फडक्याला हात पुसू लागला.

"बघ," त्या किंचाळत्या इंजिनावर तो मोठ्याने, समाधानाने म्हणाला, "कसं एकसारखं चालतंय. गाडीत काही दोष नाही रे बाळा."

बाहेर टायरवाल्याने हातातला टायर खाली ठेवला आणि आत पाहिलं.

बारक्याने हँडल सरळ केलं. आवाज उतरला. डावीकडे केलं, चढला. पुन्हा सरळ, पुन्हा डावीकडे. मामा पाठ करून हत्यारं लावत होता.

"मामा," बारक्याने हाक मारली. मग जरा मोठ्याने, "मामा! गाडी रेस होतेय."

मामाने पाना खिळ्याला अडकवला.

बारक्या मामीकडे वळला. तिच्या मांडीवरच्या हाताकडे त्याने पाहिलं. कितीतरी वेळा या स्टुलाजवळ बसून त्याने शाळेचा अभ्यास केला होता, आणि तो हात त्याला आज दिसला.

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी नव्हते रे."

मामाने मागे वळून दोघांचे चेहरे पाहिले. बोलणं थांबलेले चेहरे त्याला चांगले वाचता यायचे. आता मामीने बोट वर केलं. मामाने हँडलकडे पाहिलं, ते डावीकडे वळलेलं होतं.

"आत्ता चढला?" त्याने विचारलं.

तिने त्याच्याकडे तोंड करून, सावकाश सांगितलं, "आत्ता नाही. मघापासून."

मामाने स्वतः चावी फिरवून इंजिन बंद केलं, बारक्याला खाली उतरवलं. मग कोणाशी न बोलता टाकीचे बोल्ट सोडले, टाकी उचलून बाजूला ठेवली. नवी केबल अजून चकचकीत होती. हँडलच्या मानेच्या ज्या अंगाने ती यायला हवी तिथे ती नव्हती. दुसऱ्या अंगाने आली होती, आणि जुन्या ट्यूबच्या रबरी पट्टीने चौकटीला बांधलेली होती. हँडल डावीकडे पूर्ण वळलं की ती ताणली जायची. अशी पट्टी या रस्त्यावर दुसरं कोणी बांधत नसे. प्लॅस्टिकचे बंद तुटतात म्हणायचा मामा.

"पडल्यामुळे सरकली असेल," मामी म्हणाली. तिला स्वतःलाच त्याची लाज वाटली.

"पडल्यावर केबल मानेवरून उडी मारून पलीकडे जात नाही." मामाने पट्टीवर अंगठा ठेवला. "गाठ माझीच आहे. इथे ऐकू आलं असतं तर लगेच कळलं असतं. हँडल फिरवलं होतं मी. फिरवलं, आणि म्हटलं जाऊ दे."

बारक्या गाडीला वळसा घालून आला. मामाच्या अगदी समोर येऊन उभा राहिला, ओठ दिसतील असा.

"उद्या मामी आली की ये, एवढं म्हणाला असतास. मी बसने गेलो असतो. ती आज असती."

"म्हणालो असतो तर तू विचारलं असतंस, मामी कशाला?"

"मग विचारलं असतं! विचारलं असतं तर काय झालं असतं?"

बारक्याने हात उगारला होता का खांदा धरायला पुढे केला होता, ते मामीला कळलं नाही. तो हात अर्ध्यात थांबला आणि खाली आला.

"चल त्यांच्याकडे," बारक्या म्हणाला. "जसं आहे तसं सांग. कानासकट."

दारात टायरवाला उभा होता. त्याने एकदा मामाकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. "जा तुम्ही," तो मामीला म्हणाला. "शटर मी ओढतो." त्याने मामाला थट्टेने काही म्हटलं नाही.

सासूबाई वरच्या मजल्यावर राहायच्या. जिना अरुंद होता, तिघं एकामागे एक चढले. त्यांनी दार अर्धवट उघडलं आणि बारक्याला बघून लावून घ्यायला लागल्या, तेव्हा मामाने दाराच्या फटीत हात घातला.

"दोष याचा नाही," तो म्हणाला. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. सगळ्या जिन्यात घुमला. खालच्या मजल्यावरचं एक दार उघडलं. मामा सांगत गेला. केबल कुठून घातली, कुठे बांधली, हँडल वळलं की काय होतं, इंजिन कसं किंचाळतं, आणि ते आपल्याला कसं ऐकू आलं नाही. काहीच वगळलं नाही. शेवटी म्हणाला, "मला ऐकू येत नाही. हे याला ठाऊक नव्हतं. हिच्याशिवाय कोणालाच नव्हतं."

सासूबाईंनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा कठीण होता तसा राहिला, फक्त हनुवटी हलायला लागली. त्यांनी दार उघडलं.

"तू आत ये," त्या बारक्याला म्हणाल्या.

तो चपला काढून आत गेला. मामा पुढे होणार तोच त्यांनी चौकटीवर हात ठेवला. मान फिरवून त्या मामीशी बोलल्या, खालच्या आवाजात.

"मी ओरडणार नाही, पोर आत्ताच उठलीय. तुम्हीच सांगा यांना. इतके दिवस मी त्याला जे बोलले ते सगळं यांचं होतं. पण ते पुन्हा बोलायची ताकद नाही राहिली माझ्यात. ऐकू येत नव्हतं ते देवाने दिलेलं, पण लपवलं ते यांनी. आणि तुम्ही. पुन्हा हे दार दाखवू नका म्हणावं."

दार लागलं. आतून पावलांचा आवाज आला, छोट्या, धावत्या. "बाबा!" मग तोच बारीक आवाज, "आई खाली आहे? आईला हाक मारू?"

बारक्या काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.

"काय म्हणाल्या?" मामाने विचारलं.

मामीने जिन्याच्या खिडकीच्या उजेडात तोंड धरलं आणि सासूबाईंचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. 'आणि तुम्ही' हेसुद्धा. मामा ओठांवर नजर लावून होता. संपल्यावर त्याने मान हलवली, जणू बरोबर हिशेब सांगितला कोणी.

"आणि पोर? ऐकू आली का पोर?"

मामीला वाटलं, फक्त पहिला शब्द सांगावा. बाबा म्हणाली, एवढाच. तेवढंही खोटं झालं नसतं.

"बाबा म्हणाली," तिने सांगितलं. "मग म्हणाली, आई खाली आहे? आईला हाक मारू?"

मामा भिंतीला हात लावत खाली वाकला आणि पायरीवर बसला, जिन्याच्या मधोमध. मामी त्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली. खालून कोणी बाई भाजीची पिशवी घेऊन वर येत होती. ती दोन पायऱ्या खाली थांबली.

"अहो काका, जरा वाट द्या." तिने थोडं थांबून पाहिलं. "अहो काका!" आणि मग वैतागून, "बसलेत बघा खुशाल, कोणाशी बोलतेय मी?"

"त्यांना ऐकू येत नाही," मामी म्हणाली.